बिनकांद्याचा अर्धा

१

आर्या उठत नव्हती.

बरिटो खाऊन झाल्यावर ती आईच्या मांडीवर कलंडली, तेव्हा सगळ्यांनी कौतुकच केलं होतं. स्मिता म्हणाली होती, "पोट भरलं की कशी गुणी होते बघ." पण शाल्मलीला मुलीच्या झोपेचे सगळे प्रकार पाठ होते. कुठल्या झोपेत अंगठा तोंडात जातो, कुठल्या झोपेत पापण्या हलतात, कुठली झोप नुसतं सोंग असते. या झोपेत काहीच हलत नव्हतं. तिनं तळपाय चोळले. कानाची पाळी चिमटली. आर्याचं डोकं ओल्या टॉवेलासारखं दुसऱ्या बाजूला पडलं.

मारतहळ्ळीच्या पुलाजवळच्या त्या दवाखान्यात डॉक्टर पवित्रा यांनी आर्याच्या डोळ्यांत टॉर्च मारला आणि विचारलं, "काय दिलंत हिला?"

"भात, राजमा, चीज. बाकी काही नाही."

"औषध?"

"नाही."

"हे अन्नाचं नाही. कुठलं तरी औषध पोटात गेलंय. झोपेचं, बीपीचं, नाहीतर दुखण्यावरचं. तिन्हींत मूल असंच दिसतं, आणि तिन्हींवरचा उपाय वेगळा. अंदाजानं दिलं तर हातची जाईल."

"मग तपासा ना."

"रक्त बाहेर पाठवावं लागतं. रिपोर्ट उद्या."

"उद्या?"

डॉक्टरांनी टॉर्च खिशात टाकला. "श्वास मंद होत चाललाय. तिच्याकडे उद्यापर्यंत वेळ नाही. मला गोळीचं नाव आणून द्या."

दार बंद झालं. नर्सनं आर्याचा पिवळा फ्रॉक शाल्मलीच्या हातात दिला आणि कानडी वळणानं म्हणाली, "स्वल्प बाहेर थांबा."

२

रणवीर, आर्याचा बाबा, चेन्नईत होता. मिळेल ती गाडी धरून निघतो म्हणाला, पण तो पोचेपर्यंत शाल्मली एकटीच होती. एकटी म्हणजे भिशीबरोबर. भिशी तिच्या पाठोपाठ दवाखान्यात येऊन स्टीलच्या खुर्च्यांवर ओळीनं बसली होती.

म्हणायला भिशी, पैसे कुणी काढत नसे. डब्यातून चिठ्ठी निघे आणि चिठ्ठीत भागातल्या एखाद्या टकेरियाचं, म्हणजे मेक्सिकन खाणावळीचं, नाव असे. तिथं जायचं, बरिटो मागवायचा, पोळी, भात, राजमा, सॉस आणि शेवटचा घास असं एकेक तोलायचं आणि नेटवर परीक्षण लिहून तारे द्यायचे. बरिटो टेबलावर स्वतः कापायचे, कुणी तोंड लावायच्या आधी, म्हणजे उष्टं होत नाही. ज्यानं खाल्लं नाही त्यानं तारे द्यायचे नाहीत. हे नियम पुरुषोत्तमकाकांचे. काका निवृत्त होऊन मुलाकडे पुण्याहून आलेले आणि जीभ धारदार. त्यांच्या एका परीक्षणानंतर कुंदनहळ्ळीतल्या एका टकेरियाचं शटर कायमचं पडलं, तेव्हा त्यांनी ग्रुपवर केकचा फोटो टाकला होता आणि सगळ्यांनी टाळ्या पाठवल्या होत्या. शाल्मलीनंसुद्धा.

काकांपेक्षाही जास्त वाचक होते स्मिताला. स्मिता गोड लिहायची आणि गोड लिहूनच मारायची. "मालक कष्टाळू वाटतात, चव हा त्यांचा प्रांत नसावा," असं.

तिला उलट उत्तर फक्त एकदाच आलं होतं, आणि ते आज सगळे जिथं जेवले त्या टकेरियाच्या मालकाकडून, महांतेशकडून. महांतेश निपाणीचा. त्यानं स्मिताच्या दोन ताऱ्यांखाली लिहिलं होतं, "अक्का, तुम्ही बरिटोबरोबर तुपाची वाटी मागितलीत. एक तारा त्या वाटीला द्या, तिनं बिचारीनं काहीच केलं नाही." हे उत्तर स्मिताच्या ऑफिसात फिरलं. तिच्या टेबलावर कुणीतरी तुपाचा डबा ठेवला. कित्येक महिने झाले तरी मीटिंगमध्ये कुणी तूप म्हटलं की हसू लपवायला माना खाली जातात.

आज पुन्हा महांतेशची चिठ्ठी निघाली, तेव्हा स्मिता हसून म्हणाली होती, "जाऊ या की. माणसानं दुसरी संधी द्यावी."

आता तीच स्मिता उठली आणि तिनं शाल्मलीला घट्ट मिठी मारली. "काही होणार नाही गं तिला. अन्न बाधलंय. त्या मेल्याच्या किचनवर रेड घालायला लावते." तिच्या तोंडाला कच्च्या कांद्याचा भपकारा येत होता. शाल्मली बाजूला झाली.

तेवढ्यात जिन्यावरून महांतेश वर आला. हातात आर्याची पाण्याची बाटली होती.

"ही राहिली होती, वैनी."

अद्वैत, स्मिताचा नवरा, त्याच्या अंगावर धावून गेला. "काय घातलंस रे त्यात?"

"थांब," शाल्मली म्हणाली. "आधी मी विचारते."

३

तिनं महांतेशला खिडकीपाशी नेलं.

"बिनकांद्याचा बरिटो कुणी बांधला आज?"

"मीच की." चातुर्मासात स्मिता कांदा-लसूण खात नसे. तिच्यासाठी एक बरिटो वेगळा व्हायचा आणि वर ओळखीला टूथपिक टोचलेली असायची. तो तिखटही नसे, म्हणून त्याचा एक अर्धा स्मिता घ्यायची आणि दुसरा आर्या. "पाट धुऊन सगळ्यात आधी तोच बांधतो. मागं एकदा सुरीला कांद्याचा वास आला म्हणून अक्कांनी अख्खा परत पाठवलेला. शिव्या घातल्या त्या वेगळ्या."

"कापला कुणी?"

"तुमच्यातल्यांनीच. मी कापलं तर काका म्हणतात, भरणा लपवतोस."

शाल्मलीनं डोळे मिटले आणि टेबल पुन्हा मांडलं. अद्वैतनं सुरी फिरवली. एक अर्धा स्मिताच्या प्लेटीत गेला, एक शाल्मलीच्या स्वतःच्या. स्वतः चाखल्याशिवाय ती आर्याला काही देत नसे. चाखता चाखता त्यांच्या वाट्यातला बराचसा तिनंच खाल्ला होता. राहिलेला आर्यानं जमिनीवर भिरकावला आणि भोकाड पसरलं. मग शाल्मलीनं स्मिताच्या प्लेटीकडे हात नेला. "घेऊ का गं दोन घास हिला?" "घे ना." तिनं चमच्यानं भात काढला, बोटांनी कुस्करला आणि भरवला. तो मात्र चाखला नाही. एकाच बरिटोचा दुसरा अर्धा. त्यात काय चाखायचं?

ती स्वतः ठणठणीत होती.

औषध किचनमध्ये मिसळलं असतं तर पहिल्या अर्ध्यातही आलं असतं. नुसत्या एका टोकाला भरलं असतं, तर कुठलं टोक कुणाच्या प्लेटीत जाणार हे महांतेशला कसं कळणार? म्हणजे ते कापल्यावर पडलं. टेबलावर. स्मिताच्या प्लेटीत.

"स्मितानं टाकलेला तो अर्धा कुठाय? डॉक्टरांना देता येईल."

महांतेशनं मान हलवली. "गेला की. कचऱ्याची गाडी येऊन गेली तुमच्यामागं लगेच. अक्कांनी स्वतःच उचलून टाकला. एरवी टिशूपण उचलत नाहीत. मला वाटलं, सुधारल्या."

शाल्मलीनं हे ऐकलं, पण तिचं मन एकाच गोष्टीपाशी अडकलं होतं. औषध आर्यासाठी नव्हतंच. ओळीत बसलेल्यांपैकी कुणीतरी स्मिताच्या जिवावर उठलं होतं.

४

"काका, गोळ्यांची डबी दाखवा."

पुरुषोत्तमकाकांनी चष्मा वर केला. "माझी झडती?"

"हो."

"शाल्मली, मी तुझ्या वडिलांच्या वयाचा आहे."

"माझ्या मुलीला तेवढं वय मिळेल का माहीत नाही. दाखवा."

काकांनी डबी काढली. आजच्या दुपारचा कप्पा रिकामा होता. "तुमच्यासमोर घेतली, पाण्याबरोबर. बीपीची. नाव सांग जाऊन डॉक्टरला." मग त्यांचा आवाज खाली आला. "तुला वाटतं मी तिच्या वाचकांवर जळतो. जळतो. पण मी भिंतीकडे होतो. माझ्या आणि तिच्या प्लेटीमध्ये तू आणि तुझी पोर. तुला ओलांडून हात नेला असता तर तुला दिसलं नसतं? तू तर आर्याच्या बाजूनं माशी गेली तरी मान वळवतेस."

हे खरं होतं. शाल्मलीनं डबी परत दिली.

उरला अद्वैत. तो स्मिताच्या शेजारी होता, सुरी त्याच्याच हातात होती. तो मोबाइल नुसता उघडत-मिटत बसला होता.

"तुमच्याकडे गोळ्या कोण घेतं?"

"आई. कमरेचं ऑपरेशन झालं ना तिचं." तो पटकन म्हणाला. "दुखण्यावरची आहे, जबरदस्त. घेतली की अर्धा दिवस झोपून असते."

"नाव?"

अद्वैतनं पुन्हा मोबाइल उघडला.

"अद्वैत, नाव काय?"

"स्मिता देते गं. मी... पांढरी असते."

"सख्ख्या आईची गोळी तुला माहीत नाही?"

"तू रणवीरला विचार, आर्याच्या तापाचं औषध कुठलं."

"आईंना फोन लाव."

"तीनदा लावला. उचलत नाही, झोपली असणार. घरी जाऊन यायचं तर हा रिंग रोड तुंबलेला." तो कपाळ दाबत राहिला. "मला गरगरतंय. सकाळपासून काही नाही पोटात. माझा अर्धासुद्धा स्मितानंच संपवला."

आतून यंत्राचा बारीक आवाज येत होता. शाल्मली तो आवाज मोजायचा नाही असं ठरवून उभी होती.

"तुझा? तुझ्यात तर कांदा होता."

"मी म्हटलं तिला. म्हणाली, चालतंय आज."

शाल्मलीनं ओळीच्या टोकाला पाहिलं. स्मिताची खुर्ची रिकामी होती.

५

स्मिता जिन्यात सापडली. खाली उतरत होती, खांद्याला पर्स होती.

"कुठे निघालीस?"

"चहा आणते सगळ्यांना."

"तू आज कांदा खाल्लास."

स्मिता हसली. "हे काय आत्ता? तुझी मुलगी आत..."

"मगाशी मिठी मारलीस तेव्हा वास आला. सुरीला वास आला म्हणून तू बरिटो परत पाठवतेस. आज कच्च्या कांद्यासकट नवऱ्याचा अर्धा खाल्लास आणि तुझा तसाच टाकलास."

"आर्याचं उष्टं झालं होतं ते."

"मी चमच्यानं काढून घेतलं. आणि गेल्या खेपेला तिच्या तोंडातून पडलेला घास तू उचलून खाल्लास. लहान मुलांचं उष्टं नसतं, म्हणालीस. ते सोड. नको होता तर दुसरा मागवायचास. महांतेश समोर उभा होता." शाल्मली एक पायरी खाली आली. "न खाता तारे देता येत नाहीत, म्हणून काहीतरी खाणं भाग होतं तुला. तू नेम मोडलास, पण त्या प्लेटीला हात लावला नाहीस. मग ती स्वतः उचलून कचऱ्यात टाकलीस. त्यात काय आहे ते त्या टेबलावर एकटीला तुलाच माहीत होतं. सासूबाईंच्या गोळीचं नाव काय?"

स्मितानं कठडा धरला. मग बोलली ती अगदी तिच्या लिहिण्यासारखी, हळू आणि नीट.

"मी खाणार होते. चिमूटभर. चक्कर आली म्हणणार होते. बाकीचं तपासायला गेलं असतं, त्याचं दुकान बंद झालं असतं. बस, एवढंच. कुणाला काही होणार नव्हतं."

"मी तुला विचारलं. घेऊ का, म्हटलं. तू घे म्हणालीस."

"सगळे बघत होते शाल्मली. काय सांगणार होते मी?"

"काहीही. सांडायची प्लेट."

"सुचलं नाही. वाटलं, झोपेल जरा जास्त."

शाल्मलीनं तिचा दंड धरला. "नाव."

"सांगते. पण मग मला धरतील. नोकरी जाईल, सगळं जाईल." स्मितानं दंड सोडवून घेतला नाही. "तू कुणाला सांगणार नाहीस. रणवीरलासुद्धा नाही."

"नाही सांगणार. बोल."

"असं नाही." तिनं शाल्मलीच्या हातातल्या फ्रॉककडे पाहिलं. "त्याच्यावर हात ठेव. आर्याची शपथ घे. माझं नाव तोंडातून गेलं तर तिचा श्वास बंद पडेल, असं म्हण."

"स्मिता, ती आत..."

"म्हणूनच. लवकर म्हण."

शाल्मली संख्याशास्त्रात एम.एस्सी. होती. शब्दांचा आणि श्वासाचा काही संबंध नसतो हे तिला ठाऊक होतं. वर, दाराच्या आड, ते यंत्र वाजत होतं. तिनं फ्रॉकवर हात ठेवला आणि स्मितानं सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं म्हटलं.

स्मितानं पर्स उघडली. गोळ्यांची रिकामी पट्टी काढून तिच्या हातावर ठेवली.

"ही तुझ्याकडे कशी?"

"दुकानात टाकायची होती. बेसिनखाली. म्हणजे तपासायला आलेल्यांना सापडली असती. आर्या झोपली आणि मग राहूनच गेलं." तिनं पर्सची चेन लावली. "डॉक्टर विचारतील कुठे मिळाली. तिथंच मिळाली म्हण."

६

डॉक्टर पवित्रांनी पट्टीवरचं नाव वाचलं आणि नर्सला आत पिटाळलं. मग विचारलं, "कुठे मिळाली?"

दारापाशी दवाखान्यानं बोलावलेला पोलीस उभा होता. त्याच्यामागे महांतेश, अजून बाटली धरून. अशी विषबाधेची केस आली की पोलिसांना कळवावंच लागतं.

"मॅडम, कुठे मिळाली?" पोलिसानंही विचारलं.

शाल्मली भिंतीकडे बघत म्हणाली, "ह्यांच्या दुकानात. बेसिनखाली."

महांतेश तिच्याकडे बघत राहिला, समोरच्याचं ऐकण्यात आपलीच काही चूक झाली असावी, तसा. पोलिसानं खांद्यावर हात ठेवला तेव्हा त्यानं आधी बाटली खुर्चीवर नीट उभी करून ठेवली.

दिवे लागायच्या सुमाराला आर्यानं डोळे उघडले. नळ्यांना हात लावू देत नाहीत म्हणून चिडून रडली. काका पुन्हा पुन्हा डोळे पुसत होते. अद्वैत चहा घेऊन आला. स्मितानं सगळ्यांना तो वाटला.

७

दुकानाला सील लागलं. स्मितानं त्यावर एक अक्षर लिहिलं नाही. लिहिलं ते काकांनी, आणि ते खूप फिरलं. भिशी पुन्हा सुरू झाली. कार्तिकी एकादशी झाल्यावर स्मिताचा वेगळा बरिटोही बंद झाला. शाल्मली दर खेपेला जायची. आली नाही तर का नाही, असं कुणीतरी विचारलं असतं.

जामिनावर सुटल्यावर महांतेश एका संध्याकाळी सोसायटीच्या बागेत आला. दाढी वाढलेली, शर्ट इस्त्रीचा. तो घसरगुंडीपासून लांबच उभा राहिला.

"वैनी, दोनच मिनिटं."

आजूबाजूच्या बायका बोलायच्या थांबल्या.

"बेसिनखाली मी रोज स्वतः पुसतो. त्या दिवशी तुम्ही बेसिनकडे गेलाच नव्हता, पोरीला घेऊन तशाच पळालात. मग ती पट्टी तुम्हाला कुणीतरी आणून दिली, दवाखान्यातच." तो हळू बोलत होता. पट्टी पोलिसांच्या टेबलावर पाहिल्यापासून त्यानं हेच जोडत आणलं असावं. "माझा तुमच्यावर राग नाही. तुमची पोर आत होती. मी असतो तर मीपण काहीही बोललो असतो. आता बरी आहे की ती. नाव तेवढं सांगा. निपाणीत बापाला लोक विचारतात, पोराला विष घालणारा तो तुझाच काय म्हणून. म्हातारा देवळातपण जाईना झालाय."

शाल्मलीनं तोंड उघडलं. खरंच उघडलं.

"तेश," आर्या घसरगुंडीवरून ओरडली. ती खाली आली आणि हात पुढे करून त्याच्याकडे धावत सुटली. महांतेश गुडघ्यांवर बसला. त्याचा चेहरा असा झाला की बाकावरची एक बाई दुसरीकडे बघायला लागली.

तो तिला उचलणार तोच शाल्मलीनं झडप घालून मुलीला ओढून घेतलं.

"वॉचमन," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली. "ह्याला आत कुणी सोडलं? ह्यानंच विष घातलं माझ्या मुलीला."

दोघा-तिघांनी मोबाइल वर केले. वॉचमननं महांतेशची कॉलर धरली. तो आपल्या पायांनीच निघाला होता, तरी त्याला फरफटत नेल्यासारखं नेलं. फाटकापर्यंत तो मागे वळून बघत होता. त्याला आता नक्की कळलं होतं की तिला नाव ठाऊक आहे.

आर्या हात-पाय झाडत रडत होती. शाल्मली बाकावर बसली, तिनं पोरीला उराशी दाबलं आणि फ्रॉकच्या आत हात घालून तिच्या छातीवर ठेवला.

श्वास चालू होता.